कर्लीच्या खाडीतील आउटबोर्डसाठी अ‍ॅल्युमिनियमचे अ‍ॅनोड : दोन हंगामांचा अनुभव

देवबागहून पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणारी आमची फायबरची बोट आहे आणि तिला यामाहाचे ११५ अश्वशक्तीचे चार-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून टांगलेले) इंजिन आहे. या इंजिनाच्या पाण्यात राहणाऱ्या भागाला खाऱ्या पाण्यापासून वाचवण्यासाठी स्वतः झिजणारे धातूचे जे तुकडे, म्हणजे अ‍ॅनोड बसवलेले असतात, ते मी दोन हंगामांपूर्वी बदलले आणि जस्ताऐवजी परफॉर्मन्स मेटल्स या अमेरिकी कंपनीचे ‘नॅव्हॅलॉय’ नावाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे अ‍ॅनोड घेतले. आमच्याकडे हे अ‍ॅनोड सहज मिळत नाहीत. दुबईत नोकरीला असलेल्या भाच्याने सुट्टीवर येताना ते आणून दिले. दोन हंगाम वापरल्यावर माझे मत पक्के झाले आहे : ज्यांची बोट खाडीत उभी राहते आणि समुद्रात चालते, त्यांनी जस्ताचा हट्ट सोडून अ‍ॅल्युमिनियमचे अ‍ॅनोड घ्यावेत. मात्र कोणताही अ‍ॅनोड नीट बसवला नाही, तर त्यावर घातलेला पैसा खाडीत टाकल्यासारखाच आहे.

आमच्याकडे मेकॅनिक या तुकड्यांना ‘झिंक’ म्हणतात, मग ते जस्ताचे असोत की आणखी कशाचे. त्यांचे काम समजायला घरातील गॅल्व्हनाइज्ड पत्रा पुरेसा आहे. पत्र्यावरील जस्ताच्या मुलाम्याला ओरखडा गेला आणि आतले लोखंड उघडे पडले, तरी बराच काळ तिथे गंज धरत नाही, कारण आजूबाजूचे जस्त आधी झिजते आणि लोखंड वाचते. आउटबोर्डची गिअरकेस (गिअरचे आवरण) अ‍ॅल्युमिनियमची असते, तिच्यातून बाहेर येणारा पंख्याचा (प्रोपेलरचा) दांडा स्टेनलेस स्टीलचा असतो, बोल्टही स्टेनलेसचे असतात आणि हे सारे एकमेकांना जोडलेले धातू मिठाच्या पाण्यात बुडालेले असतात. म्हणजे दिवसभर तिथे एक बॅटरीच चालू असते. या बॅटरीत कोणता तरी धातू विरघळणारच. तो गिअरकेसचा नसावा, यासाठी तिच्याहून अधिक सहज विरघळणारा धातू मुद्दाम शेजारी लावायचा, एवढीच ही युक्ती आहे.

ही युक्ती जुनी आहे. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या लाकडी जहाजांच्या तळावरील तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी त्यावर लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे बसवायला सुचवले. ज्या ‘समरंग’ या युद्धनौकेवर त्याची परीक्षा झाली, ती आपल्याच किनाऱ्यावर, कोचीला सागवानात बांधलेली होती. तांबे खरोखरच वाचले. पण विरघळणाऱ्या तांब्याच्या विषाने जे शिंपले आणि शेवाळ दूर राहत होते, ते तांबे विरघळायचे थांबताच जोमाने वाढले आणि जहाजांचा वेग कमी झाला, म्हणून आरमाराने हा उपाय पुढे सोडून दिला. ही गोष्ट मी इथे सांगतो, कारण अ‍ॅनोड नवे लावूनही इंजिनाच्या पायाला, म्हणजे पाण्यातल्या भागाला, शिंपले का धरले, असे मला आमच्या धक्क्यावर आजही विचारले जाते. अ‍ॅनोड धातू राखतो, शिंपले थांबवत नाही. शिंपल्यांसाठी खरवडणी वेगळी आणि रंग वेगळा.

आता मी जस्त का सोडले ते सांगतो, कारण माझा सगळा धडा त्यातच आहे. बोट घेतली तेव्हा पहिले दोन हंगाम कंपनीचे मूळ अ‍ॅनोड होते आणि त्यांनी चोख काम केले. तिसऱ्या वर्षी मी एका ओतकाम करणाऱ्याकडून स्थानिक ओतीव जस्ताचे तुकडे घेतले. आकार तंतोतंत होता, वजन भरपूर होते आणि किंमत एक-तृतीयांश होती. हंगामाच्या मध्यावर मी इंजिन वर उचलून पाहिले, तर तुकडा जवळजवळ जसाच्या तसा होता, फक्त त्यावर तपकिरी-पांढरा कडक थर आला होता. मला आनंद झाला. शेजारच्या बोटवाल्यांनाही मी तो कौतुकाने दाखवला, की बघा, चार महिन्यांत जराही झिजला नाही. त्याच वेळी पंख्यामागच्या कडेला रंगाखाली दोन फुगे आले होते, त्यांच्याकडे मी लक्ष दिले नाही. मे महिन्यात बोट वर काढून ते फुगे चाकूच्या टोकाने फोडले, तेव्हा आतून पांढरी भुकटी निघाली आणि भुकटी झटकल्यावर खाली अ‍ॅल्युमिनियममध्ये तांदळाचा दाणा मावेल एवढे खड्डे दिसले. गिअरकेसच्या खालच्या पात्याच्या कडेलाही तसेच चार खड्डे होते. न झिजलेला अ‍ॅनोड हा टिकाऊ अ‍ॅनोड नसून बंद पडलेला अ‍ॅनोड असतो, हे मला तिथे उमगले. आमचे मेकॅनिक, ज्यांना सगळा धक्का काका म्हणतो, ते मालवणीत एकच वाक्य बोलले, “दर्यान झिंक खाल्ल्यान, म्हणजे इंजिन वाचला.” ते हसत नव्हते.

असे का झाले याची कारणे दोन होती आणि दोन्ही समजून घेण्यासारखी आहेत. पहिले कारण जस्ताच्या शुद्धतेचे. अ‍ॅनोडचे जस्त म्हणजे कोणतेही वितळवलेले जस्त नव्हे. अमेरिकी लष्करी मानकाप्रमाणे त्यात थोडे अ‍ॅल्युमिनियम आणि अगदी थोडे कॅडमियम मुद्दाम घातलेले असते आणि लोखंडाचे प्रमाण ०.००५ टक्क्यांहून अधिक चालत नाही. लोखंड त्याहून वाढले, की झिजताना जस्तावर घट्ट साल धरते आणि ती साल आतल्या धातूचा पाण्याशी संबंध तोडते. भंगारातले जस्त लोखंडी भांड्यात वितळवून ओतणाऱ्याला ही मर्यादा पाळणे शक्यच नसते. त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्याने मागितलेला आकार दिला. चूक माझी होती, कारण मी आकार आणि वजन पाहिले, धातू पाहिला नाही.

दुसरे कारण आमच्या खाडीचे आहे आणि ते शुद्ध जस्तालाही लागू पडते. देवबाग ही कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी. आमच्या बोटी चालतात समुद्रात, पण बांधलेल्या असतात खाडीच्या बाजूला. सप्टेंबरमध्ये हंगाम सुरू होतो तेव्हा नदीला पावसाचे पाणी भरपूर असते. गोडे पाणी हलके असल्याने वर तरंगते, खारे तळाशी राहते आणि आउटबोर्डचा पाय जेमतेम अडीच-तीन फूट खोल असल्याने बराच वेळ गोड्या किंवा मचूळ पाण्यात उभा असतो. अशा पाण्यात जस्तावर ऑक्साइडचा कडक थर धरतो आणि पुढे बोट खाऱ्या पाण्यात गेली, तरी तो थर सहजासहजी जात नाही. अ‍ॅनोडच्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूत साधारण पाच टक्के जस्त आणि एक टक्क्याच्या पन्नासाव्या भागाइतके इंडियम घातलेले असते. हे इंडियम अ‍ॅल्युमिनियमवर घट्ट साल धरू देत नाही, त्यामुळे तो मचूळ पाण्यातही जागा राहतो. मांडव्यापासून आरोंद्यापर्यंत कोकणात ज्या ज्या बोटी खाडीत नांगरलेल्या असतात, त्या सगळ्यांना ही एक गोष्ट जस्त सोडायला पुरेशी आहे.

पेटी उघडल्यावर पहिल्यांदा मन खट्टू होते, हे मान्य करतो. कंपनीच्या जस्ताच्या जुन्या नमुन्याच्या मानाने अ‍ॅल्युमिनियमचा ट्रिम टॅब (पंख्याच्या वर बसणारा शेपटासारखा तुकडा) हातात अगदी पोकळ वाटतो. मी दोन्ही स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवले. न वापरलेला जस्ताचा टॅब ५२० ग्रॅम भरला आणि त्याच आकाराचा अ‍ॅल्युमिनियमचा २०५ ग्रॅम. इतक्या कमी मालाला जास्त पैसे का मोजायचे, असे कोणालाही वाटेल. पण अ‍ॅनोडची किंमत त्याच्या वजनात नसून तो झिजता झिजता किती विद्युतभार देतो यात आहे. जस्त एका किलोला साधारण ७८० अँपिअर-तास देते, तर हा मिश्रधातू साधारण २,५०० अँपिअर-तास. म्हणजे ५२० ग्रॅमचा जस्ताचा टॅब सुमारे ४०५ अँपिअर-तासांचा आणि २०५ ग्रॅमचा अ‍ॅल्युमिनियमचा टॅब ५१० च्या पुढचा. त्याच जागेत, त्याच आकारात, निम्म्याहून कमी वजनात चौथा हिस्सा अधिक संरक्षण मिळते. शिवाय अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचा विद्युतदाब खाऱ्या पाण्यात उणे १.१० व्होल्टच्या आसपास असतो, तर जस्ताचा उणे १.०३ च्या आसपास. फरक लहान दिसतो, पण अ‍ॅल्युमिनियमच्या गिअरकेसला वाचवताना तो जोर उपयोगी पडतो.

मग त्याहून जोरकस मॅग्नेशियम का लावू नये, असे एका तरुण बोटवाल्याने मला विचारले होते. मॅग्नेशियम गोड्या पाण्यासाठी आहे. घरातील पाणी तापवायच्या गिझरमध्ये असतो तो दांडा मॅग्नेशियमचाच. खाऱ्या पाण्यात त्याचा जोर गरजेपेक्षा फार होतो, तो स्वतः काही आठवड्यांत संपतो आणि त्याहून वाईट म्हणजे गिअरकेसच्या पृष्ठभागावर क्षार (अल्कली) इतका वाढतो, की रंग सुटतो आणि अ‍ॅल्युमिनियम उलट क्षारानेच खाल्ले जाते. धरणाच्या किंवा तळ्याच्या पाण्यात बोट चालवणाऱ्यांनी मॅग्नेशियम घ्यावे. समुद्राशी संबंध असणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता बसवण्याबद्दल. मी हे काम भर ओहोटीला, बोट वाळूवर टेकल्यावर, काकांबरोबर स्वतः केले आणि दुसऱ्यावर सोपवले नाही याचे मला समाधान आहे. ट्रिम टॅब पंख्याच्या वरच्या आडव्या पाटीखाली शेपटासारखा असतो. त्याचा बोल्ट खालून दिसत नाही. पायाच्या मागच्या बाजूला वर एक रबरी बूच असते, ते काढून लांब सॉकेट आत घालावे लागते. बोल्ट सैल करण्याआधी टॅबचा कोन गिअरकेसवर पेन्सिलीने आखून घ्यावा, कारण टॅबचे काम दुहेरी आहे. तो धातू वाचवतो, तसा सुकाणूचा एका बाजूला येणारा ओढाही सांभाळतो. कोन चुकला, तर दिवसभर चाक एका बाजूला ओढते आणि संध्याकाळी चालवणाऱ्याचे खांदे भरून येतात.

टॅब निघाल्यावर त्याची बैठक पाहिली. तिथे पांढरट पापुद्रा, जुन्या रंगाचा ओघळ आणि कोणीतरी कधीतरी लावलेले ग्रीस होते. म्हणजे अ‍ॅनोड आणि गिअरकेस यांच्यात धातूला धातू असा स्पर्श फार थोडा होता आणि जो काही प्रवाह जात होता, तो बोल्टाच्या आट्यांतूनच. काकांनी तारेच्या ब्रशने आणि मग पॉलिश पेपरने ती बैठक घासायला घेतली आणि मधला रुपयाएवढा भाग नव्या भांड्यासारखा चकाकेपर्यंत हात थांबवला नाही. हीच जागा सगळ्या कामाचा प्राण आहे. बैठकीवर रंग नको, ग्रीस नको, सिलिकॉन तर मुळीच नको. बोल्टाच्या आट्यांना मात्र सागरी ग्रीस लावावे, नाहीतर स्टेनलेसचा बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये असा धरतो, की पुढच्या वेळी डोके तुटून हातात येते. इंजिन बोटीला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटवरच्या आमच्या अ‍ॅनोड-पट्टीचा एक बोल्ट तसाच तुटला आणि तो ड्रिलने काढण्यात अख्खी ओहोटी गेली. अ‍ॅनोडवर रंग मारू नये, हे इंजिनाच्या पुस्तिकेतही स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही हंगामाआधी इंजिन चकचकीत करताना पायाबरोबर झिंकवरही फवारा मारलेल्या बोटी मी दर सप्टेंबरला पाहतो.

बसवून झाल्यावर मल्टिमीटरची एक तार अ‍ॅनोडवर आणि दुसरी गिअरकेसच्या उघड्या धातूवर टेकवून रोध पाहिला. तारांचा स्वतःचा रोध वजा केल्यावर काटा शून्यावरच राहिला म्हटले तरी चालेल. एक ओमच्या आत हवा, आणि तेवढा आला नाही तर पुन्हा उघडून घासावे. या एका तपासणीला दोन मिनिटे लागतात आणि साधा मल्टिमीटर वीजवाल्याच्या दुकानात मिळतो. पायाचा इंजिनाच्या ब्लॉकशी संबंध जोडणाऱ्या बारीक तारा असतात, त्या तुटल्या किंवा सुटल्या असतील तर ब्रॅकेटचा अ‍ॅनोड पायाला मदत करू शकत नाही. त्या ताराही त्याच वेळी पाहून घ्याव्यात.

इथवर आम्हाला जमले. त्यापुढची परीक्षा माझ्या मेहुण्याने करून दिली. तो गोव्यात जहाजबांधणीच्या कारखान्यात काम करतो आणि त्याच्याकडे सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड आहे. तो बोटीच्या कडेने पाण्यात सोडायचा, मल्टिमीटरचे एक टोक त्याला आणि दुसरे गिअरकेसला लावायचे आणि पायाचा विद्युतदाब वाचायचा. मागच्या वर्षी त्याच स्थानिक तुकड्यांवर त्याने आकडा घेतला होता, तो उणे ८२० मिलीव्होल्ट होता. नवे अ‍ॅनोड बसवून बोट पाण्यात एक रात्र राहिल्यावर आकडा उणे १,०२० झाला. अ‍ॅल्युमिनियमसाठी उणे ९०० ते उणे १,१०० मिलीव्होल्ट हा पट्टा योग्य मानतात. “भावोजी, आता निजा स्वस्थ,” असे म्हणून त्याने तारा गुंडाळल्या. इतका सरळ पुरावा मला आणखी कुठल्याही सुट्या भागाबद्दल कधी मिळालेला नाही.

इंजिनाच्या पोटात, जिथे थंड करणारे पाणी खेळते, तिथेही लहान अ‍ॅनोड असतात आणि त्यांचा आमच्या किनाऱ्यावर बहुतेकांना पत्ताच नसतो. ते बाहेरून दिसत नाहीत, ब्लॉकवरची छोटी झाकणे काढावी लागतात. काकांनी ती काढली तेव्हा दोन तुकडे चुन्याच्या खड्यांसारखे फुगलेले होते आणि पक्कडीने पिळतच बाहेर काढावे लागले. हे अ‍ॅनोड मी इंजिनाच्या कंपनीचेच घेतले, कारण इथे आकारात जराही फरक चालत नाही आणि झाकणाखालचे रबरही त्याच वेळी नवे लागते. बाहेर आणि आत वेगवेगळे धातू चालतील का, हा प्रश्न मला पडला होता. आतील पाण्याचा मार्ग अरुंद आणि लांब असल्याने बाहेरचा अ‍ॅनोड आतल्या भागाचे रक्षण करू शकत नाही आणि आतल्या अ‍ॅनोडवर ओझेही टाकू शकत नाही, म्हणून मी हे मिश्रण स्वीकारले. बाहेरच्या बाहेर मात्र टॅब अ‍ॅल्युमिनियमचा आणि पट्टी जस्ताची असे कधीही करू नये. अधिक सक्रिय अ‍ॅल्युमिनियम गिअरकेसबरोबर त्या जस्तालाही वाचवत बसते आणि स्वतः लवकर संपते. बदलायचे तर बाहेरचे सगळे एकाच दिवशी बदलावेत.

पहिला हंगाम सप्टेंबर ते मे असा पुरा गेला. इंजिन दिवसा साधारण दहा-अकरा तास पाण्यात आणि रात्री वर उचललेले असे. मे महिन्यात टॅब काढून धुऊन वाळवून वजन केले, ते १३१ ग्रॅम भरले. म्हणजे ७४ ग्रॅम गेले. त्याचा हिशेब केला, तर हंगामभरात साधारण १८५ अँपिअर-तास आणि पाण्यातील तासांवर वाटला तर जवळपास ७० मिलिअँपिअर इतका सततचा प्रवाह येतो. एवढ्याशा प्रवाहाने गिअरकेस वाचते आणि तो नसला तर वर्षभरात खड्डे पडतात, हे मला आजही नवलाचे वाटते. झिजही पाहण्यासारखी होती. पृष्ठभाग सगळीकडे सारखा, राखाडी, बारीक खरखरीत, बोट फिरवले तर मऊ भुकटी हाताला लागते आणि खाली लगेच उजळ धातू दिसतो. स्थानिक तुकड्यावरची ती कडक साल कुठेच नव्हती. जुन्या खड्ड्यांत भरलेला इपॉक्सी तसाच होता आणि नवा फुगा एकही आला नव्हता.

या अ‍ॅनोडची मला सर्वांत आवडलेली गोष्ट त्याच्या आत पुरलेला लाल ठिपका. धातू ठरावीक खोलीपर्यंत झिजला, की तो उघडा पडतो आणि बदलायची वेळ आली हे डोळ्यांना कळते. अ‍ॅनोड निम्मा झिजल्यावर बदलावा असा नियम आहे, पण निम्मा म्हणजे किती हे प्रत्येक जण आपल्या सोयीने ठरवतो आणि हंगामाच्या गर्दीत ती सोय नेहमी पुढच्या महिन्याची असते. आमच्या बोटीवर काम करणारे मुलगे सकाळी इंजिन खाली सोडण्याआधी आता सवयीने तिथे पाहतात. त्यांना व्होल्ट आणि अँपिअर समजावून सांगावे लागत नाही.

दुसऱ्या हंगामात हा ठिपका फेब्रुवारीच्या मध्यालाच दिसला. पहिल्या क्षणी मला वाटले, की दुसरा संच हलका निघाला. मग काही जणांनी बॅटरीची वीज गळत असेल असे सांगितले. तीही शंका खरी ठरू शकते, कारण बोटीच्या तळातले पाणी उपसणाऱ्या बिल्जपंपाच्या तारेचा सांधा पाण्यात उघडा असेल तर त्यातून गळणारा प्रवाह महिन्याचे काम दिवसात उरकतो. मेहुण्याच्या सांगण्यावरून बॅटरीचा मुख्य स्विच बंद करून आणि चालू करून संदर्भ इलेक्ट्रोडवर आकडा पाहिला. तो हलला नाही, म्हणजे गळती नव्हती. खरे कारण मीच ऑक्टोबरमध्ये केलेला बदल होता. संगमावरील वाळूच्या दांड्याला लागून अ‍ॅल्युमिनियमचा पंखा सारखा वाकत होता, म्हणून मी स्टेनलेसचा पंखा लावला होता. रंग नसलेला तेवढा मोठा स्टेनलेसचा पृष्ठभाग पाण्यात आला, की अ‍ॅनोडवरचा भार वाढतोच. वाढीव भार अ‍ॅनोडने घेतला आणि गिअरकेसला धक्का लागू दिला नाही, हे संचाचे यशच आहे. पण स्टेनलेसचा पंखा घेणाऱ्यांनी एका हंगामाला एक संच पुरेल हा हिशेब सोडून द्यावा आणि जानेवारीपासूनच दुसरा संच घरात आणून ठेवावा. मी ठेवला नव्हता, म्हणून तीन आठवडे जुन्याच तुकड्यावर काढावे लागले.

किमतीबद्दल स्पष्ट सांगतो. आमच्याकडच्या ओतीव तुकड्यांच्या मानाने हा संच तिपटीच्या आसपास पडतो आणि तो मागवण्याची यातायात वेगळी. पण गिअरकेसचे खड्डे खरवडणे, इपॉक्सी भरणे, प्रायमर आणि रंग देणे यासाठी मी त्या एका वर्षी जे दिले, त्यात असे किती तरी संच आले असते, आणि खड्डा पंख्याच्या दांड्याच्या सीलपर्यंत गेला असता तर गिअरमध्ये पाणी शिरून काम थेट गिअरकेस बदलण्यावर गेले असते. ज्यांना परदेशी माल मिळत नाही, त्यांनी निदान इंजिनाच्या कंपनीचे मूळ अ‍ॅनोड घ्यावेत. माझ्या पहिल्या दोन हंगामांत त्यांनी कसलीच तक्रार ठेवली नव्हती. विकत घेताना तुकड्यावर मिश्रधातूचे मानक कोरलेले किंवा वेष्टनावर छापलेले आहे का, आणि बोल्टाच्या भोकाभोवती धातूची पट्टी आत ओतलेली आहे का, या दोन गोष्टी पाहाव्यात. अशी पट्टी नसली, तर भोकाभोवतीचा धातू आधी झिजतो आणि अर्धा शिल्लक असलेला तुकडा एके दिवशी गळून समुद्रात पडतो.

आणखी एक कारण मला व्यक्तिशः महत्त्वाचे वाटते. मानकाप्रमाणे बनवलेल्या जस्ताच्या अ‍ॅनोडमध्ये कॅडमियम असते. एका टॅबमध्ये ते साधारण पाव ग्रॅमच भरेल, पण अ‍ॅनोड झिजतो म्हणजे ते सगळे पाण्यात जाते. आमच्या खाडीत उभ्या राहणाऱ्या बोटी मोजल्या आणि त्याच खाडीतल्या तिसऱ्या आणि कालवे आमच्या घरी शिजतात हे लक्षात घेतले, तर अ‍ॅल्युमिनियमच्या अ‍ॅनोडमध्ये कॅडमियम घालावे लागत नाही ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

तळाला तांबे मिसळलेला रंग लावणाऱ्यांसाठी एक सूचना राहिली. तो रंग आउटबोर्डच्या पायावर कधीही लावू नये आणि तळावर लावतानाही पायाच्या आजूबाजूला चार बोटे जागा कोरी सोडावी. तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात इतके जवळ आले, तर कोणताही अ‍ॅनोड पुरा पडत नाही.

यंदा मे अखेरीस बोट वर ओढली. झावळ्यांनी आणि ताडपत्रीने शाकारण्याआधी पाय गोड्या पाण्याने धुतला आणि मार्चमध्ये लावलेला टॅब पाहिला. ठिपका अजून आतच आहे, तरी तो काढून ठेवला, कारण सप्टेंबरला खाडीत पाणी गोडे असताना नवाच लावायचा असे ठरवले आहे. नवा संच कपाटात आला आहे, आणि या वेळी दोन आणवले आहेत.